पाहिले, पण शिकलो का?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांसाठीचे एक ऑनलाइन प्रशिक्षण चालू होते. त्या दिवसांत मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षक-खोलीत एक दृश्य हमखास दिसे. लांब टेबलावर पाच-सहा मोबाइल ओळीने मांडलेले, प्रत्येकावर व्हिडिओ चालू आणि आवाज बंद. आजूबाजूला आम्ही चाचणीचे पेपर तपासत असू, डबे खात असू. मधूनच कोणीतरी उठे, थांबलेल्या मोबाइलवर ‘पुढे’च्या खुणेवर बोट टेकवी आणि पुन्हा जागेवर येऊन बसे. शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरे कोणाकडून तरी येत. प्रमाणपत्र सर्वांना मिळाले. मलाही मिळाले, त्या ओळीत माझाही मोबाइल होता.

हे सगळे मी विसरूनही गेलो असतो. पण मागच्या वर्षी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एनपीटीईएल’चा संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम तिने हौसेने घेतला होता आणि तिसऱ्याच आठवड्यात ती मागे पडली होती. “सर, व्हिडिओ सगळे पाहिलेत हो मी. पाहताना सगळं कळतं. गणितं करायला बसले की काहीच येत नाही. असा कोर्स घेण्याआधी काय तयारी करायला हवी होती?” असे तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. वर्गात शिकवण्याचा अनुभव पंचवीस वर्षांचा; पडद्यावरून शिकण्याचा अनुभव वर सांगितला तेवढाच!

म्हणून मी ‘लर्निंग हाऊ टू लर्न’ हा अभ्यासक्रम केला. शिकायचे कसे हे शिकवणारा हा चार आठवड्यांचा अभ्यासक्रम ‘कोर्सेरा’ या संकेतस्थळावर २०१४ साली सुरू झाला आणि जगभरातल्या लाखो लोकांनी त्यात नाव नोंदवले. ऑनलाइन अभ्यासाची पूर्वतयारी म्हणून बहुतेक जण याचेच नाव सुचवतात. तेव्हा तो कितपत उपयोगी पडतो आणि कुठे कमी पडतो, हे शिक्षकाच्या नजरेने पाहणे योग्य होईल.

अभ्यासक्रमाचे शिक्षक दोन. बार्बरा ओकली या अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ओकलंड विद्यापीठात अभियांत्रिकीच्या प्राध्यापक, तर टेरेन्स सेनोस्की हे सॉल्क इन्स्टिट्यूटमधले मेंदूशास्त्रज्ञ. ओकलीबाईंची स्वतःची कहाणी मोठी वेधक आहे. शाळेत त्या गणितात नापास होत. पुढे सैन्यात गेल्या, तिथे रशियन भाषा शिकल्या आणि सव्विसाव्या वर्षी पुन्हा बीजगणितापासून सुरुवात करून अभियंता झाल्या. भाषा शिकताना जो रोजचा सराव केला, तोच गणितालाही लागू पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. या अभ्यासक्रमाचे चित्रीकरण त्यांनी घराच्या तळघरात अगदी कमी खर्चात केले. आपल्याकडे ‘निधी आल्यावर बघू’ म्हणून अडून राहिलेल्या कितीतरी गोष्टी आठवल्या. असो.

अभ्यासक्रमाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिल्या-वाचल्याने ती येऊ लागत नाही. न पाहता आठवून काढल्याने येऊ लागते. आपण विद्यार्थ्यांना हे सांगत आलोच आहोत, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले होते. पण यामागचा एक प्रयोग मुळातून पाहण्यासारखा आहे.

जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांचा हा प्रयोग २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायला दिले. शब्द वाचायचे आणि मग चाचणी द्यायची, अशा फेऱ्या होत्या. एकदा बरोबर आलेल्या शब्दाचे पुढे काय करायचे, यावरून चार गट केले. काहींनी तो शब्द वाचणे आणि चाचणीत आठवणे दोन्ही चालू ठेवले. काहींनी वाचणे थांबवले पण आठवणे चालू ठेवले. काहींनी वाचणे चालू ठेवले पण आठवणे थांबवले. उरलेल्यांनी दोन्ही थांबवले. आठवड्याने सर्वांची परीक्षा घेतली. ज्या दोन गटांनी आठवणे चालू ठेवले होते, त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. ज्यांनी ते थांबवले, त्यांना सुमारे ३५ टक्के. वाचणे चालू ठेवले की थांबवले, याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही!

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. शिकून झाल्यावर प्रत्येकाला विचारले होते, “आठवड्याने तुला किती शब्द आठवतील?” चारही गटांचा अंदाज साधारण सारखाच, निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे ज्यांना पुढे भरपूर येणार होते आणि ज्यांना फारसे येणार नव्हते, त्या दोघांनाही स्वतःबद्दल सारखेच वाटत होते. आपल्याला किती आले आहे, हे आतून कळत नाही. पाहताना सगळे कळते, असे माझी विद्यार्थिनी म्हणत होती, ते खोटे नव्हते. पण ते ‘कळणे’ म्हणजे शिक्षकाच्या समजुतीची सावली होती.

ओकलीबाई याला नेमके नाव देतात: येत असल्याचा भास. त्यावर त्यांचा उपाय साधा आहे. पान वाचून झाले की नजर वर करा आणि मुख्य मुद्दा स्वतःला सांगा. सोडवलेले गणित झाकून पुन्हा सोडवा. हे दुसऱ्या दिवशी करा, चार दिवसांनी करा, आठवड्याने करा. एकाच प्रकारची दहा गणिते ओळीने करू नका. प्रकार मिसळा, म्हणजे कोणती रीत कुठे लावायची याचाही सराव होतो. स्मृतीबद्दलचा भागही चांगला आहे. मनात एका वेळी चारच नव्या गोष्टी धरता येतात, म्हणून सुट्या काटक्यांची मोळी बांधावी लागते. मोळी बांधली की ती एकच वस्तू होते. हे सगळे चार-आठ मिनिटांच्या व्हिडिओंतून, गमतीदार चित्रांच्या आधाराने सांगितले आहे. नववी-दहावीच्या मुलांनाही त्यातले बरेचसे समजेल.

मी ते दहावीच्या वर्गात करून पाहिले. ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा सगळ्यांनी दोनदा वाचला होता. पुस्तके मिटायला लावून कोऱ्या कागदावर ‘वजन आणि वस्तुमान यांत फरक काय, आणि चंद्रावर दोन्हींचे काय होईल’ एवढेच लिहायला सांगितले. हुशार म्हणवणाऱ्या मुलांचीही पेने थांबली. एक मुलगा कळवळून म्हणाला, “सर, आत्ता वाचलं होतं हो!” तीन आठवडे दर सोमवारी मागच्या धड्यावर असा कागद काढला. गुण द्यायचे नाहीत, कागद मुलांनीच तपासायचे. मुलांना ते आवडले असे मी म्हणणार नाही. पण स्वाध्याय लिहिताना पुस्तक मिटून बसणारी मुले दिसू लागली. तीन आठवड्यांवरून याहून मोठा दावा करणे बरोबर होणार नाही.

आता त्रुटींकडे वळू.

पहिली तक्रार विज्ञानशिक्षक म्हणून. हा अभ्यासक्रम स्वतःला मेंदूविज्ञानावर आधारलेला म्हणवतो, पण भक्कम प्रयोग आणि रंजक किस्सा हे दोन्ही एकाच आवाजात सांगतो. विचारांच्या दोन अवस्था आहेत, एक एकाग्र आणि एक पसरट, आणि अडलेला प्रश्न दुसऱ्या अवस्थेत सुटतो, असे पहिल्याच आठवड्यात येते. पुरावा काय? तर एडिसन हातात पोलादी गोळ्या आणि चित्रकार दाली हातात किल्ल्या घेऊन डुलकी काढत, वस्तू खाली पडली की आवाजाने जाग येई आणि कल्पना सुचलेली असे! गोष्ट छान आहे. मुलांना सांगायलाही हरकत नाही. पण गोष्टीला पुरावा म्हणू नये, हे आपणच वर्गात शिकवतो ना?

झोपेबद्दलचे विवेचन असेच. झोपेत मेंदूतल्या पेशी आकसतात, मधल्या जागेतून विषारी द्रव्ये धुऊन निघतात, म्हणून अभ्यासाला झोप हवी, असे सांगितले आहे. याला आधार आहे तो २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांचा. पण २०२४ साली दुसऱ्या एका गटाने उंदरांवरच केलेले प्रयोग ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आले. झोपेत आणि भुलीत मेंदूची ही सफाई वाढत नाही, उलट कमी होते, असे त्यांना दिसले. प्रश्न अजून सुटलेला नाही. झोप शिकण्याला उपकारक आहे याला इतर पुष्कळ पुरावा आहे, त्यामुळे सल्ला चुकीचा ठरत नाही. मात्र ‘हे कारण अजून वादात आहे’ असे सांगितल्याने अभ्यासक्रमाचे काय बिघडले असते?

पंचवीस मिनिटांच्या ‘पोमोडोरो’ पद्धतीचेही तेच. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून हे नाव पडले. गजर लावून बसणे बऱ्याच जणांना मानवते. पण पंचवीस या आकड्यात काही जादू नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शिकलेली पिढी आपण पाहतोच आहोत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती या एकाच अभ्यासक्रमापुरती नाही. जे शिकवले त्याच्या विरुद्ध त्याचा स्वतःचा घाट आहे. पाहणे म्हणजे शिकणे नव्हे, हे तो आपल्याला व्हिडिओ दाखवून सांगतो. मधूनमधून प्रश्न येतात, पण बहुतेक बहुपर्यायी. चार उत्तरांतून बरोबर उत्तर ओळखणे आणि कोऱ्या कागदावर आठवून लिहिणे, यांत किती अंतर आहे हे शिक्षकाला सांगायला नको. मी स्वतः पहिल्या आठवड्याची चाचणी जवळजवळ पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झालो. चार दिवसांनी ‘त्या आठवड्यात काय होते’ असे घरी विचारल्यावर मला टोमॅटो आणि एडिसन एवढेच आठवले!

व्हिडिओ छोटे का ठेवतात, यामागेही संशोधन आहे. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एडएक्स’च्या चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहतात, लांबलचक अर्ध्यावर सोडतात, असे त्यांना आढळले. तेव्हापासून ‘सहा मिनिटे’ हा जणू नियमच झाला. पण त्या अभ्यासात मुख्यतः मोजले होते ते लोक किती वेळ पाहतात हे. किती शिकतात हे नव्हे.

इथे जुनी आठवण येते. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम लागू लागले. उत्तम कार्यक्रम असत. पण दूरदर्शन थांबत नसे; समजले नाही तरी चित्र पुढे जाई. आजच्या व्हिडिओचा सगळ्यांत मोठा फायदा हा की तो थांबवता येतो. त्या थांबण्यातच शिकणे आहे. आणि नेमके तेच बटण आपण सर्वांत कमी वापरतो.

तिसरी तक्रार म्हणजे या अभ्यासक्रमाने जे सांगितलेच नाही ते. पूर्वतयारी म्हणजे एकट्या विद्यार्थ्याने आपल्या मनाला वळण लावणे, असे इथे गृहीत आहे. आळस झटका, गजर लावा, वेळापत्रक करा. पण लोक खरोखर त्यामुळे गळतात का?

जस्टिन राइक आणि होजे रुइपेरेझ-व्हालिएंते यांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या ‘एडएक्स’वरच्या अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये मांडली. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोक अभ्यासक्रमात एकदाही डोकावले नव्हते. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण होते ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत मात्र ते ४६ टक्के होते. पैसे भरले म्हणून ते टिकले असा सरळ अर्थ यातून काढता येत नाही, कारण मुळात निश्चय असलेलेच पैसे भरतात. आणि मानव विकास निर्देशांकात मागे असलेल्या देशांतले लोक पूर्ण करण्यातही मागे होते.

मग लोकांकडून आधीच योजना लिहून घेतली तर? हेही मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. रेने किझिल्सेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ‘अभ्यास केव्हा, कुठे करणार’ हे सुरुवातीला लिहून घेतल्याने पहिले काही आठवडे हालचाल थोडी वाढली, पण अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. यशस्वी ऑनलाइन अभ्यासाच्या सूचनांमध्ये वेळापत्रक नेहमी पहिले असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मला वाटते, खरी पूर्वतयारी तीन गोष्टींची आहे, आणि वेळापत्रक त्यांच्या मागून येते. पहिली, आधीचे ज्ञान. वर्गात आपण मुलांचे चेहरे पाहून मागे जातो. ‘अपूर्णांक विसरलात का रे?’ म्हणून थांबतो. पडद्यावरचा शिक्षक आपला चेहरा पाहत नाही. आपल्याला काय येत नाही, हे शोधण्याचे काम तिथे विद्यार्थ्यावरच पडते, आणि वरचा स्वाहिलीचा प्रयोग सांगतो की तेच काम एकट्याने जमत नाही. त्यासाठी चाचणीच हवी.

दुसरी, भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या मनातल्या त्या चार जागांपैकी एखाद-दोन जागा इंग्रजी ऐकण्यातच अडकतात. ‘एक्स्पेक्टेशन’ म्हणजे अपेक्षा नव्हे, तर भारित सरासरी, हे उलगडेपर्यंत फळ्यावरची पुढची ओळ आलेली असते. त्याला आळस कसे म्हणायचे? व्हिडिओआधी त्या धड्यातले दहा-बारा शब्द काढून त्यांचे अर्थ आपल्या भाषेत, उदाहरणासह लिहून ठेवले, तर त्या जागा मोकळ्या होतात. असा साधा सल्लाही अभ्यासक्रमात ठळकपणे यायला हवा होता.

तिसरी, सोबत. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ झाले, तेव्हा नुसती पुस्तके पोस्टाने पाठवून ते थांबले नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवली. रविवारी चार माणसे एकत्र जमण्याला तिथे अभ्यासाइतकेच महत्त्व असे. ‘एनपीटीईएल’मध्ये दर आठवड्याचा स्वाध्याय ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो, त्याला २५ टक्के गुण असतात आणि उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. ही सक्ती चांगलीच आहे, पण तारखेची सक्ती म्हणजे सोबत नव्हे.

तेव्हा अभ्यासक्रम करावा की नाही? करावा, जरूर करावा. शिक्षकांनी तर करावाच. मात्र एकट्याने आणि सलग पाहून नव्हे. शाळेतल्या दोघा-तिघांनी मिळून करावा, प्रत्येक व्हिडिओनंतर मोबाइल पालथा ठेवून कागदावर लिहावे, एकमेकांचे कागद वाचावेत. त्याच्याजवळ नसलेली गोष्ट आपण आपल्या बाजूने पुरवली, तर त्याच्याजवळ असलेली गोष्ट पुष्कळ कामाला येते. आम्ही तिघांनी दुसऱ्या खेपेस असाच केला. त्याच शिक्षक-खोलीत, त्याच टेबलावर.

विद्यार्थिनीचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही तिच्या अभ्यासक्रमाचा पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय काढला आणि व्हिडिओ न पाहता, पुस्तक न उघडता तिला तो सोडवायला दिला. दहापैकी तीन आले. मग प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाशी बसलो. संभाव्यता तिला चांगली समजली होती. अडत होते ते बेरजेच्या चिन्हाशी. सिग्मा दिसला की ती ओळ सोडून देत होती. त्यापुढे संकलन, तेही निम्मे विसरलेले. म्हणजे बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाआधी तिला दोन आठवड्यांचा अकरावी-बारावीचा अभ्यास हवा होता, आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते.

त्या सत्रात तिने परीक्षा दिली नाही. पुढच्या सत्रात वर्गातल्या एका मैत्रिणीला घेऊन तिने पुन्हा नाव नोंदवले. आता दर रविवारी संध्याकाळी दोघींचा फोन येतो. येत्या आठवड्याचा स्वाध्याय व्हिडिओआधी सोडवून किती गुण पडले, ते आधी सांगतात. परवा चार पडले होते, आणि मैत्रिणीला पाच. बेजच्या प्रमेयाच्या एका प्रश्नावरून दोघींचे भांडण चालू होते. मी उत्तर सांगितले नाही. खरे तर मलाही ते कागदावर सोडवून पाहावे लागणार होते.